मागच्या काचेवरचे तीन थर

माझा नवरा गेल्यावर त्याच्या दोस्तांनी त्याचा फोटो आमच्या व्हॅनच्या मागच्या काचेवर चिकटवला. आमच्याकडं ही पद्धतच आहे. तरणा माणूस गेला की त्याच्या जीपवर, टेंपोवर त्याचं तोंड येतं, खाली तारखा, आणि त्याच्या खाली ‘शोकाकुल’ म्हणून दोस्तांची रांग. प्रत्येकाचा वेगळा फोटो, प्रत्येकाच्या डोळ्यावर गॉगल. आमच्या स्टिकरवर तर पुढं पुढं कोपऱ्यात एक ‘मार्गदर्शक’ही आले. नवऱ्याला जिवंतपणी त्यांनी कधी कुठला मार्ग दाखवला, ते मला आजवर कळलेलं नाही.

दोस्तांचं प्रेम खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नवरा शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होता. काविळीनं अंथरूण धरलं तेव्हा हीच पोरं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होती, जेवली का नाही ते बघायलाही कुणी नव्हतं त्यांना. फक्त त्यांच्या प्रेमाची रीत अशी, की ते चारचौघांना दिसलं पाहिजे. त्यामुळं दर वर्षी वर्षश्राद्धाला ती नवा स्टिकर छापून आणायची. आणि जुना काढायचा कुणी? गेलेल्या माणसाच्या तोंडाला नख लावायला कुणाचा हात धजेना. मग जुन्यावरच नवा लावायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर आणखी नवा.

हा स्टिकर साधा नसतो. त्याला बारीक बारीक भोकं असतात. बाहेरून चित्र दिसतं आणि आत बसलेल्याला चाळणीतून बघावं तसं बाहेरचं दिसतं. एक थर होता तोवर ठीक होतं. तीन थर झाल्यावर एकाची भोकं दुसऱ्यानं बुजवली, दुसऱ्याची तिसऱ्यानं, राहिलेली धुळीनं. आतल्या आरशात बघितलं की मागं नुसता काळोख.

आणि गाडी चालवणारी मी. नवऱ्याचा धंदा दही, ताक, लोण्याचा. हातकणंगल्याकडच्या एका गावातून माल उचलायचा आणि कोल्हापुरातल्या हॉटेलांना घालायचा. तो गेल्यावर भाऊबंद म्हणाले, गाडी विकून टाक, बाईमाणसाचं काम नव्हे. मी म्हटलं, कॅन उचलायचं काम हाताचं आहे, मिशांचं नाही. लायसन मी तो असतानाच हौसेनं काढलं होतं. पंधरवडा सरायच्या आत मी रस्त्यावर होते.

आमचं घर बोळाच्या टोकाला. गाडी नाकासमोर आत शिरते आणि बाहेर काढायची तर उलटी घेत घेत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावी लागते. बाजूच्या आरशांत दोन्हीकडच्या भिंती दिसतात, मागं काय आहे ते देवाला ठाऊक. मी आपली हॉर्न वाजवत, मान बाहेर काढत, अंदाजानं घ्यायची. लोक म्हणायचे, वहिनी झकास चालवतात. कसलं झकास, रोज सकाळी जीव मुठीत असायचा माझा.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. सासूला मी आत्या म्हणते. आत्यांचं एक नेमाचं काम होतं. सकाळी नळाला पाणी आलं की तांब्या भरून घ्यायचा, गाडीमागं जायचं आणि ओल्या फडक्यानं काचेवरचं पोराचं तोंड पुसायचं. कपाळ, गाल, हनुवटी, लहान पोराचं पुसावं तसं. मग रिकामा तांब्या घेऊन घरात यायच्या आणि मी गाडी काढायची. शोकाकुल मंडळींना मात्र त्यांनी कधी फडकं लावलं नाही. ती सगळी धुळीतच होती.

त्या दिवशी पाणी उशिरा आलं. मला हॉटेलवाल्यांचे फोनवर फोन. रिकामे कॅन आत टाकले, आत्या घरात गेल्याच असतील असं धरून दार ओढलं, चावी फिरवली आणि गाडी मागं घेतली. हात-दोन हात गेली असेल नसेल, तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज आला. माझा पाय ब्रेकवर कसा गेला ते मला सांगता येणार नाही. खाली उतरून धावले. आत्या गाडीमागं खाली बसलेल्या, लुगडं भिजलेलं, कोपर सोललेलं, फडकं अजून हातात. बंपर त्यांच्या कमरेला लागून थांबला होता.

“आवं, गाडी चालू झाल्याली कळली न्हाय व्हय तुमास्नी?” मी ओरडलेच. घाबरलं की मला रडू येत नाही, राग येतो.

“कळली की,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, मी दिसत आसंन तुला.”

मी त्यांना उचलून आत नेलं, हळद लावली, कमरेला शेक दिला. हाड शाबूत होतं. मग मी माल घेऊन निघाले. ताकाचे कॅन उतरवताना एका हॉटेलच्या दारात मी निम्मं ताक सांडलं आणि मालकावरच खेकसले, पायरी एवढी उंच कशाला बांधलीय म्हणून. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. काच मोकळी करायची. आजवर फार ऐकून घेतलं सगळ्यांचं.

संध्याकाळी भाकरी थापता थापता मी सांगून टाकलं. “आत्या, मी त्यो स्टिकर काढणार हाय.”

त्यांनी चुलीकडं पाठ फिरवली. मग म्हणाल्या, “माझ्या पोराला आणि एकदा मारतीस व्हय?”

असा शब्द लागला मला की काय सांगू. परातीतलं पीठ तसंच सोडून उठले. “आणि आज तुम्हालाच मारून बसले असते, ते?” एवढंच बोलले आणि दारात जाऊन उभी राहिले.

त्यानंतर आत्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्याकडं बोलणं टाकलेली बाई गप्प बसत नाही, ती भांड्यांशी बोलते. चहाचं पातेलं आपटत, “चहा झालाय म्हणावं, कुणाला हवा असला तर.” तांब्याला सांगायच्या, “काय करायचं बाबा, आपलं कोण ऐकतंय.” मीही काही कमी नाही. मी उंबऱ्याला सांगायची, “माझा जेवायचा डबा घेतलाय म्हणावं.” आणि गाडी त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत पुसल्याशिवाय, त्या घरात गेलेल्या बघितल्याशिवाय मी चावीला हात लावत नव्हते. उशीर झाला तर झाला. हॉटेलवाल्यांना म्हटलं, घ्यायचं तर घ्या, नाहीतर ताकाशिवाय राहा.

स्टिकर मी काही लगेच स्वतः काढायला बसले नाही. ज्या रेडियमवाल्या चाचांनी तिन्ही वेळेला तो लावला होता, त्यांच्याकडं गाडी घेऊन गेले. पोरांच्या मोटारसायकलींची नावं, रिक्षांवरचे वाघसिंह, सगळं त्यांच्याच दुकानात होतं. त्यांनी काच बघितली, दाढी कुरवाळली आणि हात जोडले.

“वहिनी, लावायचं सांगा, आत्ता लावतो. गेलेल्या माणसाचा चेहरा मी न्हाय खरवडनार. आपल्या हातनं न्हाय व्हायचं ते. आणि उद्या तालमीतली पोरं दुकानासमोर आली तर मी काय सांगू?”

“सांगा, बायकोनं काढायला लावला.”

“ते मला सांगायला लावू नका. तुम्ही त्यांच्या वहिनी, तुम्हाला चालून जाईल. माझं दुकान हाय इथं.”

तिथून वॉशिंग सेंटरला गेले. तिथला माणूस पाण्याचा पाइप घेऊन उत्साहानं पुढं आला. “ओ पावणं, एवढा स्टिकर काढून द्या,” म्हटल्यावर त्यानं खालच्या तारखा वाचल्या, पाइप खाली ठेवला आणि हात पँटला पुसले. म्हणाला, टायर धुऊन देतो हवं तर. एका गॅरेजवाल्यानं तर मलाच नवा स्टिकर लावायचा सल्ला दिला, जुना मळलाय म्हणून. सगळं कोल्हापूर चिकटवायला तयार, काढायला एक बाप्या नाही. मग माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, कुणाचे पाय धरायचे नाहीत आता.

पण आत्यांच्या मनाविरुद्ध काढायचा नव्हता मला. गाडी माझ्या नावावर होती, तोंड त्यांच्या पोराचं होतं. भांडून काढला असता तर काच मोकळी झाली असती आणि घरात भिंत उभी राहिली असती. मी पुष्कळ विचार केला. कसं सांगावं? बोलून तर त्यांना पटत नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी त्यांचा हात धरला आणि सरळ ओढत गाडीकडं नेलं. “सोड, काय करायलीस, सोड की,” त्या म्हणत होत्या. रागाच्या भरात का होईना, माझ्याशी बोलल्या. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांना तिथं बसवलं. उभ्या जन्मात त्या त्या जागेवर बसल्या नव्हत्या. लुगडं आवरून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, देवळात बसतात तशा बसल्या.

“वरच्या आरशात बघा. नजर काढू नका.”

मी मागं गेले. बरोबर त्यांच्या जागेवर उभी राहिले. हात हलवले, उड्या मारल्या. समोरची शेजारीण गॅलरीत येऊन बघायला लागली तरी मी थांबले नाही. दोन्ही हात वर करून नाचले म्हटलं तरी चालेल.

“दिसतीया का मी?”

“कुठं हायस तू?” आतून आवाज आला.

“तुमी रोज उभं ऱ्हाता तिथंच हाय.”

मी पुढं येऊन बघितलं तर आत्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं होतं आणि आरशातल्या काळोखाकडं बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. मग म्हणाल्या, “काढ. पर त्याचं तोंड फाडू नगो.”

आता हे म्हणणं सोपं. उन्हातान्हात वाळलेला तो कागद कसा अखंड निघायचा? चाचांनी काढून दिला नाही तरी दुकानातून निघताना हळूच एक गोष्ट सांगितली होती, की ऊन लागलेल्या वेळी काढा, गरम करत करत, कोपऱ्यातून, घाई करू नका. आमच्या बोळात ऊन भर दुपारीच काय ते खाली उतरतं. तेवढा वेळ हातात. त्याच दुपारी शेजारच्या ब्यूटीपार्लरवालीचं केस वाळवायचं मशीन मागून आणलं, खिडकीतून वायर काढली, आणि पातं लागून काचेवर चरे पडायला नकोत म्हणून बंद पडलेलं एटीएम कार्ड घेतलं. आत्या पायरीवर बसल्या, पहारा दिल्यासारख्या.

सुरुवात मी मार्गदर्शकांपासून केली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग शोकाकुल मंडळी. वरचा थर पापडासारखा झाला होता. नखाएवढा तुकडा निघायचा आणि तुटायचा. कुणाचा गॉगल निघाला, कुणाची मिशी मागं राहिली. हाताच्या बोटांची सालटं गेली. घाम डोळ्यांत जायचा. बोळातनं जाणारा-येणारा थांबायचा, वाचायचा, माझ्याकडं बघायचा आणि पुढं जायचा. एक म्हातारं गृहस्थ म्हणाले, “बाई, हे बरं न्हाय दिसत.” मी म्हटलं, “काका, मला काहीच दिसत न्हवतं, म्हणून तर काढतीया.” ते गेले.

वरच्या थरातला नवरा फेटा बांधलेला होता, कुणाच्या तरी लग्नातला. उन्हानं इतका पांढरा पडला होता की फेटा तेवढा राहिला होता आणि खाली माणूसच नव्हता. तो तुकड्या-तुकड्यांनी निघाला. मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे चालू दे. दुसऱ्या थरात तो गॉगल लावून फुटबॉल काखेत धरून उभा. तोही निघाला, जरा चिवट होता. माझ्या मनात आलं, आपण काय करतोय हे? हात थांबले. मग कमरेला बंपर लागून बसलेल्या आत्या आठवल्या आणि पुन्हा कार्ड हातात घेतलं.

खालचा पहिला थर दिसला तेव्हा आत्या पायरीवरून उठल्या. वरच्या दोघांनी ऊन अंगावर घेतलं होतं, म्हणून हा जसाच्या तसा राहिला होता. तो गेला त्या आठवड्यात, घाईघाईत, हाताला लागला तो लायसनचा फोटो दिला होता छापायला. तेल लावून चापून बसवलेले केस, गळ्यापर्यंत लावलेलं बटण, कपाळावर आठी. शोकाकुल नाही, मार्गदर्शक नाही. आम्ही दोघी विसरूनच गेलो होतो की खाली हा आहे म्हणून.

“ह्यो माझा,” आत्या म्हणाल्या. “वरचं दोघं कोण हुतं कुणाला ठावं.”

“ह्यो अख्खा काढायचा,” मी म्हटलं.

ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. मी एका हातात मशीन धरलं, दुसऱ्या हातानं कोपरा सोडवला. आत्यांनी दोन्ही हातांच्या चिमटीत खालची कड धरली. मी गरम करायची, त्या केसभर ओढायच्या. मी “थांबा” म्हटलं की थांबायच्या, “हं” म्हटलं की ओढायच्या. शेजारीणही गॅलरीतून श्वास रोखून बघत होती. हनुवटी सुटली. ओठ सुटले. एक गाल सुटला, दुसरा सुटला. “हळू, आत्या, हळू.” “हळूच करतीया की, तू वारं दे नीट.” भांडत भांडत डोळ्यांपर्यंत आलो. कपाळ सुटलं, केस सुटले आणि अख्खा चेहरा त्यांच्या हातात आला.

आणि कशी कोण जाणे, वाऱ्याची एक झुळूक बोळात शिरली. कागद लवला, घडी पडली आणि मागच्या गोंदानं दोन्ही गाल एकमेकांना गच्च चिकटले. मी हात लावायला गेले तर कान फाटला. एवढी मेहनत करून शेवटी हे. मी मशीन आपटणारच होते, तेवढ्यात आत्यांना हसू फुटलं. खरं हसू, पोटातून आलेलं. तो गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

“आगं, लहानपणी आसाच झोपायचा,” त्या म्हणाल्या. “गाल उशीत चेपून. तोंडाची निस्ती पुरचुंडी.”

मग हसता हसता त्यांना रडू कोसळलं, आणि मलाही. बोळाच्या मधोमध, गोंदानं बरबटलेल्या हातांनी, आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो. माणूस गेला तेव्हा त्या घर सांभाळत होत्या, मी पाहुणे सांभाळत होते, असं एकत्र रडायचं राहूनच गेलं होतं. ती घडी त्यांनी पदरात घेतली. पुढं कुठं ठेवली, मी विचारलं नाही.

काचेवरचा गोंद काही जाईना. साबणानं गेला नाही, गरम पाण्यानं गेला नाही. आत्यांनी डोक्याला लावायची खोबरेलाची बाटली आणून ओतली आणि फडक्यानं घासायला बसल्या. सूर्य मावळेपर्यंत काच लख्ख झाली. मी आत बसून आरशात बघितलं. बोळ, शेजारणीची सायकल, आत्यांचं खोबरेल माखलेलं फडकं, सगळं दिसत होतं.

प्रश्न एवढ्यावर मिटणार नाही हे मला माहीत होतं. वर्षश्राद्ध आलं. सकाळीच दोस्त आले, हार घेऊन, आणि काखेत नवीन रोल. यंदा मोठा आणला होता, मागच्या काचेसाठी आणि गाडीच्या दोन्ही बाजूंसाठी. त्यांनी मोकळी काच बघितली आणि जागच्या जागी उभे राहिले.

“वहिनी, कुणी काढलं हे?”

“मी.”

“कुणाला इचारून?”

“माझ्या गाडीच्या काचेला मी कुणाला विचारू?” माझा आवाज चढला. “आत बसून मला मागचं दिसत न्हवतं. त्या दिवशी आत्या गाडीखाली यायच्या ऱ्हायल्या.”

“मागं बघून घ्यायचं की मग,” एकजण म्हणाला. “आमचा भाव हुता त्यो, वहिनी. पेठेत त्याचं नाव ऱ्हायला नगो व्हय?”

दुसरा जरा नरमाईनं म्हणाला, “तुमचं सोडा. पर काकूंचा इचार करायचा हुता. आईच्या काळजाला काय वाटलं आसंल?”

मी तोंड उघडायच्या आत आत्या घरातून बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून, त्या दिवसापासून त्या जरा वाकूनच चालायच्या. त्यांनी त्या पोराच्या काखेतला रोल काढून घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

“हार घरातल्या फोटोला घाला,” त्या म्हणाल्या. “आनी ह्ये तालमीच्या भिताडाला लावा, तितं त्यो शोभंल. गाडीला न्हाय लावायचं.”

“काकू, पर...”

“ऐक रं. मी मेले आसते त्याचं काय न्हाय, माझं वय झालंय. पर हिच्या हातनं मेले आसते. मग हिनं जगायचं कसं, सांग की मला?”

हार धरलेल्या पोरानं दारात पायताण काढलं आणि घरातल्या फोटोकडं गेला. मीही घरात गेले आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.